कर्जासाठी आठ लाख, शिष्यवृत्तीसाठी अडीच

शिष्यवृत्तीबद्दल आपल्या घरांत वर्षातून दोनदा बोललं जातं. एकदा अर्ज भरताना, आणि दुसऱ्यांदा पैसे आले नाहीत म्हणून. ती कोणाला द्यायची, किती द्यायची आणि कधी द्यायची हे जिथे ठरतं, तिथल्या हिशेबाबद्दल आपण फारसं बोलत नाही. 'सरकारचा नियम आहे' असं म्हणून झेरॉक्सच्या रांगेत उभे राहतो.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आता नोकरी करते, आणि प्रवेशांचा हंगाम सुरू झाला की वस्तीतल्या पोरापोरींचे महाडीबीटीचे अर्ज भरून देते. दरवर्षी तेच नियम वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हक्क म्हणून सुरू झाली, पण तिचा हिशेब दानधर्मासारखा मांडला जातो. हे पाहायला तीन आकडे पुरतात: उत्पन्नाची मर्यादा, भत्त्याचा दर आणि पैसे जमा होण्याची तारीख.

आधी ही योजना आली कुठून ते पाहू. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. राजा उदार होता यात शंका नाही. पण राजाच्या उदारपणालाही मुदत असते, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगलं होतं. म्हणून १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारपुढे ठेवलं आणि उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद मागितली. वर्षाला ३ लाख रुपये मंजूर झाले. १९४४ पासून ही शिष्यवृत्ती सुरू आहे. म्हणजे ती भारतीय प्रजासत्ताकापेक्षाही जुनी आहे. तिचा पाया दया हा नव्हता. ज्या समाजाला शतकानुशतकं शाळेबाहेर ठेवलं, त्याचं देणं राज्याने चुकवायचं, हा तिचा पाया होता.

आता पहिला आकडा. केंद्राच्या या योजनेत पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०१३ पासून अडीच लाख रुपये आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजना नव्याने बांधली. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला, केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटा ठरला. त्याआधीच्या तीन वर्षांत केंद्र सरासरी १,१०० कोटीच देत होतं, ते वर्षाला सुमारे ६,००० कोटींवर नेऊ असं सरकारच म्हणालं. ही वाढ लढून मिळाली, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण त्यानंतर २०२५-२६ पर्यंतच्या ज्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांत मर्यादा होती तिथेच ठेवली. अडीच लाख.

या अडीच लाखांत कोण बसतं? केंद्र सरकारच्या सेवेतल्या सर्वांत खालच्या कायम कर्मचाऱ्याचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाने १८,००० केलं. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला. म्हणजे २७,००० महिना, वर्षाचे ३ लाख २४ हजार. महाराष्ट्रात सर्वांत खालचं मूळ वेतन १५,०००. त्यावर ५० टक्के भत्ता धरला की २२,५०० महिना, वर्षाचे २ लाख ७० हजार. घरभाडं यात धरलेलंच नाही. याचा अर्थ, जो माणूस नगरपालिकेत कायम सफाई कामगार म्हणून रोज पहाटे गटारात उतरतो, त्याची मुलगी या योजनेच्या लेखी 'सुस्थितीतली' आहे. तिला निर्वाह भत्ता नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी फ्रीशिप आहे, त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क तरी माफ होतं. खोलीचं भाडं, मेस, पुस्तकं, प्रवास याचं काय, ते तिने आणि तिच्या बापाने बघायचं.

इथे एखादी उतरती पायरीही नाही. २ लाख ५० हजारांना भत्ता पूर्ण, त्याच्या वर एक रुपया गेला की शून्य.

आणि ही मर्यादा गरिबी मोजत नाही, कागद मोजते. ज्याच्या हातात पगाराची स्लिप आहे, त्याचं उत्पन्न रुपयापर्यंत दिसतं. ज्याचं उत्पन्न जमिनीतून, दुकानातून, व्याजबट्ट्यातून येतं, त्याचा दाखला तलाठी आणि तहसीलदारांच्या अंदाजावर ठरतो. आपल्या लोकांकडे जमीन नव्हती, दुकान नव्हतं. आरक्षणातून मिळालेली खालच्या श्रेणीची सरकारी नोकरी हीच पहिल्या पिढीची मिळकत. तीच स्लिप आता दुसऱ्या पिढीच्या आड येते. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठातल्या चौघांनी अनुसूचित जातींनाही 'क्रीमी लेयर' लावावा असं मत मांडलं, तेव्हा आपण चिडलो, लिहिलं, रस्त्यावर आलो. शिष्यवृत्तीत तो क्रीमी लेयर कधीचा आहे, आणि तो सफाई कामगाराच्या पगारावर लावलेला आहे. त्यावर आपण एवढा आवाज केला का?

आता त्याच सरकारची दुसरी पट्टी पाहा. जानेवारी २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती झाली. खुल्या प्रवर्गातल्या 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल' कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ठरली ८ लाख. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना आली. नामांकित संस्थांत शिकण्यासाठी १० लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे, मर्यादा ८ लाख. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, मर्यादा ८ लाख. आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी जी योजना आहे, जिला खुद्द बाबासाहेबांचं नाव दिलं आहे, त्या स्वाधार योजनेची मर्यादा? अडीच लाख. प्रत्येक योजनेतली रक्कम कमी-जास्त असेल. पण उंबरठा कुठे घातला आहे ते बघा.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: 'तुम्हाला आरक्षणात उत्पन्नाची अट नाही, त्यांना आहे. मग तुलना कशी करता?' ठीक. आरक्षण बाजूला ठेवू. प्रश्न एवढाच आहे की सरकार 'गरीब' कोणाला म्हणतं. सवर्णाच्या घरात ८ लाख येत असले तरी ते दुर्बल, आणि दलिताच्या घरात अडीच लाखांवर एक रुपया आला की ते सबळ. मुलगी कर्ज काढायला निघाली तर ८ लाखांपर्यंत गरीब, शिष्यवृत्ती मागायला आली तर अडीच लाखांनंतर गरीब नाही. एकाच शब्दाच्या या दोन व्याख्या आहेत, आणि कोणती कोणाला लावायची हे जात आणि सोय बघून ठरतं.

कोणी म्हणेल, मर्यादा वाढवायची तर किती, याला काही आधार हवा. आधार सरकारकडेच आहे. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०१३-१४ मध्ये दिवसाला १६२ रुपये होती, २०२४-२५ मध्ये २९७. सरकारने स्वतः मान्य केलेल्या या वाढीच्या पटीत मर्यादा सरकवली असती, तरी ती साडेचार लाखांच्या पुढे गेली असती. मजुराची मजुरी महागाई बघून थोडीतरी वाढते, त्याच्या मुलीच्या शिष्यवृत्तीची मर्यादा जागची हलत नाही.

दुसरा आकडा भत्त्याचा. योजनेत अभ्यासक्रमांचे चार गट आहेत. पहिल्या गटात पदवी आणि पदव्युत्तर पातळीचे व्यावसायिक अभ्यासक्रम: वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये, घरून ये-जा करणाऱ्याला ७,०००. तिसऱ्या गटात साधी पदवी, म्हणजे बीए, बीकॉम, बीएस्सी: वसतिगृहात ६,०००, घरून ३,०००. चौथ्या गटात अकरावी-बारावी: ४,००० आणि २,५००.

घरून कॉलेजला जाणाऱ्या बीएच्या विद्यार्थ्याला वर्षाला ३,०००. दिवसाला सव्वाआठ रुपयेही नाहीत. आता २०१० चे दर काढा. याच गटातल्या विद्यार्थ्याला महिन्याला ३०० रुपये होते. शैक्षणिक वर्षाचे दहा महिने धरले तर ३,०००. दहा वर्षांनी नवी योजना आली, ती 'ऐतिहासिक' म्हणून जाहीर झाली, आणि या विद्यार्थ्याच्या वाट्याला तेच ३,००० आले. हिशेब महिन्याचा होता तो वर्षाचा झाला, म्हणून आकडा मोठा दिसतो एवढंच.

हा गट कोणाचा आहे तेही लक्षात घ्या. तालुक्याच्या कॉलेजात बीए करणारी मुलं कोण असतात, हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको. आपल्यातले बहुतेक त्याच बाकांवरून आलो. पहिल्या पिढीला ना कोचिंग, ना मार्गदर्शन, जवळचं कॉलेज आणि परवडेल ती शाखा. त्यांनाच सर्वांत कमी. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला जास्त मिळतं याबद्दल माझी तक्रार नाही, त्यालाही ते अपुरंच आहे. पण भात आणि भाजी दोन्ही मुलांना एकाच भावाने घ्यावी लागते. भूक अभ्यासक्रम बघून लागत नाही.

इथेही सरकारचा एक आकडा दुसऱ्याला खोटं पाडतो. स्वाधार योजना सुरू करताना महाराष्ट्र सरकारने हिशेब केला की मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत राहून शिकायला वर्षाला ६०,००० लागतात, आणि लहान जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. म्हणजे खर्च किती येतो हे सरकारला माहीत आहे. तरीही केंद्राच्या भत्त्यात वसतिगृहातल्या बीएच्या विद्यार्थ्याला ६,०००. त्याचं वसतिगृह सरकारी नसेल, तर उरलेल्या रकमेसाठी तो रात्री कुठेतरी काम करतो, किंवा आई बचत गटातून उचल घेते. त्यानंतर वर्गात झोपणारा हाच विद्यार्थी 'मेरिट नाही' म्हणून ओळखला जातो.

तिसरा आकडा कोणत्याही शासन निर्णयात नाही. तो तारखेचा आहे. कॉलेज फी मागतं जुलैमध्ये आणि शिष्यवृत्ती येते कधी पुढच्या मार्चमध्ये, कधी त्याच्या पुढच्या वर्षी. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनवर पडून राहतो, मग समाजकल्याणच्या, मग बिल, मग कोषागार, मग आधारला जोडलेलं खातं बंद पडलेलं निघतं. राज्याचे ४० टक्के आले तरी केंद्राचे ६० यायचे असतात. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा शिष्यवृत्ती आली नाही म्हणून माझ्या कॉलेजने परीक्षेचा अर्ज अडवला होता. कारकून सगळ्यांसमोर म्हणाले, "स्कॉलरशिपवाले बाजूला थांबा." आम्ही अकरा जण बाजूला थांबलो. त्या रांगेचा रंग कोणीही सांगू शकलं असतं. योजना सगळ्यांना सारखी लागू होती, पण पात्र असूनही परीक्षेला बसता येईल की नाही हे त्या खिडकीवर ठरत होतं.

हे एका कॉलेजचं किंवा एका राज्याचं नाही. पंजाबमध्ये याच योजनेच्या थकबाकीपायी कॉलेजांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या पदव्या अडवून ठेवल्या. २०१८ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या विद्यार्थ्यांना याच शिष्यवृत्तीधारकांची शुल्कसवलत काढल्यामुळे संप करावा लागला. हैदराबादमध्ये रोहित वेमुलाने शेवटच्या पत्रातही सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशेब मांडला होता. २०२४ मध्ये मुझफ्फरनगरच्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली, आणि १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबरला आपले विशेष अधिकार वापरून ती परत दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारते, देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचल्याशिवाय १७,५०० रुपयांचा प्रश्न सुटत नसेल, तर जे पोचले नाहीत ते किती?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे. नियम असा की विद्यार्थी ज्या राज्याचा कायम रहिवासी, ते राज्य शिष्यवृत्ती देणार. जातीच्या दाखल्यासाठी मात्र महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्याला तिथलं सरकार आपल्या यादीतला धरत नाही. आजोबा मराठवाड्यातून हैदराबादला किंवा खानदेशातून सुरतेला मजुरीला गेले असतील, तर नातवाला मूळ राज्य म्हणतं 'तू इथे राहत नाहीस' आणि राहतं राज्य म्हणतं 'तू इथला नाहीस'. जातीने त्याचा पाठलाग दोन्हीकडे केला, शिष्यवृत्ती मात्र दोन्हीकडे थांबली.

'पण सरकारकडे पैसा कुठून येणार?' हा प्रश्न फक्त आपल्याच वेळी विचारतात. तरी उत्तर देते. उशिरा पैसे दिल्याबद्दल भरपाई देणं सरकारला नवीन नाही. आयकराचा परतावा रखडला तर करदात्याला व्याज मिळतं. रोजगार हमीची मजुरी रखडली तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाईची तरतूद आहे. शिष्यवृत्ती वर्षभर रखडली तर? काहीच नाही, उलट दंड विद्यार्थ्यालाच, कॉलेजच्या 'लेट फी'च्या रूपाने.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. उत्पन्नाची मर्यादा आज किमान त्या ८ लाखांवर आणा आणि दरवर्षी महागाईनुसार सरकवा. भत्ता अभ्यासक्रमाच्या गटावर न ठरवता राहण्या-जेवणाच्या खर्चावर ठरवा. पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यात द्या, आणि उशीर झाला तर व्याजासह द्या. स्थलांतरित कुटुंबाच्या मुलाला दोनपैकी एका राज्याने द्यायचंच, हा वाद सरकारांनी आपसात मिटवावा. आणि हे सगळं मार्गदर्शक सूचनांवर न सोडता कायद्यात आणा, कारण सूचना बदलायला एक परिपत्रक पुरतं.

मागण्या मान्य होईपर्यंत आपण, म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांनी, काय करायचं? 'आम्ही नाही का असंच शिकलो' हे वाक्य आधी बंद करायचं. आपण कर्ज काढून, अर्धपोटी शिकलो, हा पुढच्यांसाठी नियम होऊ शकत नाही. मग कागद वाचायचे. केंद्राच्याच मार्गदर्शक सूचनांत 'फ्रीशिप कार्ड'ची सोय आहे: पात्र विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क आणि वसतिगृह शुल्क आगाऊ न भरता प्रवेश मिळावा, यासाठी. आपल्या किती पोरांना हे माहीत आहे? उत्पन्न मोजताना पालकांचंच धरायचं, काका-भावाचं नाही, आणि आयकरात सूट मिळालेला घरभाडे भत्ता वगळायचा, हेही योजनेच्या नियमांत आलेलं आहे. अर्ज फेटाळला तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. तुमच्या तालुक्यातल्या प्रत्येक कॉलेजच्या लॉगिनवर किती अर्ज किती दिवसांपासून पडून आहेत, याची माहिती अधिकारात जिल्हा समाजकल्याण कार्यालयाकडे विचारणा करा. दहा रुपयांचा अर्ज आहे. उत्तराची प्रत विद्यार्थी संघटनेला द्या, आमदारांना द्या, वर्तमानपत्राला द्या.

वस्तीत एक पदवीधर असा हवा, जो अर्ज भरून देतोच, पण त्या अर्जावरचा आकडा कोणी आणि कोणत्या हिशेबाने ठरवला हेही विचारतो. आपल्याला शिकवलं ते परीक्षेतली गणितं सोडवण्यापुरतं नव्हतं. यंदाचे प्रवेश सुरू झाले की पहिला प्रश्न तुमच्या जुन्या कॉलेजला विचारा: फ्रीशिप कार्डावर तुम्ही किती जणांना फी न घेता प्रवेश दिलात? उत्तर लेखी घ्या.

जय भीम.